सतरावी ओळ

तीर्थस्वरूप धाकट्या आत्याबाईंच्या चरणी,

साष्टांग नमस्कार घालायचा विचार होता, पण आठांपैकी उजवा गुडघा आणि डावं कोपर सध्या वाकायला तयार नाहीत, तेव्हा उरलेल्या सहा अंगांनी घातलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. आपली प्रकृती कशी आहे? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला हे अक्षर दिसत असावं, मुद्दाम ठळक काढलं आहे. कानातलं यंत्र आपण डबीत ठेवून देता आणि कुणाचं काही ऐकत नाही, अशी आपल्या थोरल्या सुनेची तक्रार माझ्यापर्यंत आली. त्यावर माझं मत विचाराल, तर त्या घरात काय बोलतात ते मी दोन दिवस राहून ऐकलेलं आहे. यंत्र डबीतच बरं. (वडीलधाऱ्यांना पत्रात 'आपण' लिहायचं असं गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं, ते इथवर पाळलं. पण 'आपण' लिहिलं की मला समोर तू दिसतच नाहीस, दुसरीच कुणी बाई चष्मा लावून बसलेली दिसते. म्हणून इथून पुढे 'तू'. गुरुजी वर आहेत, ते समजून घेतील.)

तर कोपराची आणि गुडघ्याची हकिगत अशी. स्मरणदिन शनिवारी होता. त्या आधीच्या सोमवारी सकाळी मी आंघोळ करून, देवापुढे दोन मिनिटं उभा राहून, पांढऱ्या रंगाचा डबा, दोन ब्रश आणि शिडी घेऊन पोस्टासमोरच्या चौकात गेलो. चौकातला काळा दगड तू पाहिलेला नाहीस. (तुला तो पाहायचा नाही हे मला ठाऊक आहे, त्याकडे पुढे येतो.) दोन माणसं एकावर एक उभी केली तर जेवढी होतील तेवढा तो उंच आहे. वर मोठ्या अक्षरांत 'स्वातंत्र्यासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मृतीस', खाली गोळीबाराची तारीख, त्याखाली एकाखाली एक सोळा नावं, आणि सगळ्यांत खाली, सतराव्या ओळीत मधोमध, दोनच शब्द: 'व इतर'. पाटी रंगवणं आणि दगडावर अक्षरं कोरणं हा माझा धंदा आणि दरवर्षी स्मरणदिनाआधी या अक्षरांत ताजा रंग भरणं हे पालिकेचं काम माझ्याकडे गेली एकवीस वर्षं आहे. सोळा नावं मी उभ्यानं रंगवतो. सतराव्या ओळीला खाली बसावं लागतं, आणि बसल्यावर ब्रश टेकवण्याआधी मी हात जोडतो. लोकांना वाटतं गुडघे दुखतात म्हणून टेकलो. तुला खरं कारण सांगायची गरज नाही. आपली ताई, बाबांची आणि तुझी थोरली, त्या 'इतर' मध्ये आहे.

मी शिडीच्या वरच्या टोकाला 'स्वातंत्र्या'चा रंग भरत होतो, तेवढ्यात खालून स्मरण समितीचा कारकून आला. आम्ही त्याला जावक म्हणतो, कारण त्याच्या हातात गेलेला कागद जावक वहीत नोंद होऊन निघून जातो आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. माणूस वाईट नाही. त्यानं खालूनच हुकूम वाचायला सुरुवात केली. यंदा पंचाहत्तरावं वर्ष असल्यामुळे मोठे पाहुणे येणार, दगडाला पॉलिश करायचं, आणि स्मारकावर कोणताही अनिश्चित मजकूर नसावा असा समितीचा ठराव झाल्यामुळे सतरावी ओळ घासून सपाट करून त्या जागी 'नूतनीकरण' असा शब्द, त्यापुढे चालू अध्यक्षांचं नाव आणि तारीख कोरायची. "म्हणजे 'व इतर' काढायचं?" मी वरून विचारलं. "अनिश्चित आहे ना ते," जावक म्हणाला. "इतर म्हणजे कोण? किती? पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं?" मी खाली उतरलो. फक्त शिडी वापरली नाही.

पडल्यावर काही काळ मी दगडाला टेकून बसलो होतो. (रंगाचा डबा जावकाच्या डोक्यावर पडला असं घरी सांगत सुटलेत, ते खोटं आहे. खांद्यावर पडला.) माझ्या नाकासमोर 'व' हे अक्षर होतं. गुरुजींनी आम्हाला व्याकरण शिकवताना सांगितलं होतं की 'व' हे उभयान्वयी अव्यय आहे, ते नेहमी सारख्या वजनाच्या गोष्टी जोडतं. राजा व प्रधान असं म्हणता येतं, राजा व त्याचा जोडा असं म्हटलं तर कानाला खटकतं. तेव्हा ज्या कारागिरानं पूर्वी हा दगड कोरला, त्यानं सोळा नावांच्या पुढे 'व' कोरला, म्हणजे वजन सारखं धरलं. तो माणूस माझ्याहून चांगला व्याकरणी होता आणि त्याची छिन्नीही माझ्यापेक्षा चांगली होती. हे सगळं मी जावकाला बसल्या बसल्या सांगितलं. तो पांढरा झालेला खांदा झटकत म्हणाला, "हे अध्यक्षांना सांग."

मग सांगितलं. लंगडत गेलो. अध्यक्ष पूर्वी वजनमापं तपासायच्या खात्यात होते आणि अजूनही माणूस समोर उभा राहिला की त्याला आधी डोळ्यांनी तोलतात. मी कमी भरलो असणार. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं (आपली चूक नाही अशी खात्री असलेली माणसं फार शांतपणे ऐकतात) आणि म्हणाले, "अहो, मी कुठं कुणाच्या विरुद्ध आहे? इतर म्हणजे कोण ते सांगा. रीतसर अर्ज करा, नाव आणा, पुरावा आणा, सतराव्या ओळीत ते नाव कोरू. गुरुवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत." असं म्हणून त्यांनी खिडकीतून चौकाकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत 'नूतनीकरण' कोरूनसुद्धा झालेलं होतं.

अर्ज जावकाकडेच मिळाला. आत्या, असा अर्ज तू जन्मात पाहिला नसशील. पहिलाच रकाना 'हुतात्म्याचे पूर्ण नाव'. चौथा 'हुतात्म्याचा सध्याचा पत्ता'. मी लिहिलं, 'पोस्टासमोरचा दगड, सतरावी ओळ'. नववा 'हुतात्म्याची सही'. तो रिकामा सोडला तर अर्ज अपुरा ठरतो म्हणे. मी जावकाला म्हटलं, हुतात्म्यांना सही करता आली असती तर तुझं-माझं इथं काय काम होतं? त्यानं विचार केला आणि म्हणाला, "अंगठा चालेल." मग त्यालाच काय ते कळलं, त्यानं तो रकाना स्वतःच्या हातानं खोडला आणि बाजूला सही केली. म्हणून म्हणतो, माणूस वाईट नाही.

पण खरी पंचाईत पहिल्याच रकान्यात होती. घरी येऊन मी पेन घेऊन बसलो आणि माझ्या लक्षात आलं की ताईचं नाव मला माहीत नाही. एकवीस वर्षं मी तिच्यापुढे हात जोडतो आहे. रोज सकाळी देवापुढे घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतो, त्यांत आजोबा, आजी, आई, बाबा सगळे नावानिशी येतात आणि ती येते 'ताई' म्हणून. बाबा तिला ताई म्हणायचे, तू ताई म्हणायचीस, म्हणून आम्ही पुढची पिढीही ताईच म्हणालो, जणू एकोणीस वर्षांची मुलगी आमच्या सगळ्यांची थोरली बहीण. तुझी सून (माझी बायको म्हणजे) भाजी निवडत होती. तिला म्हटलं, ताईचं नाव काय गं? ती म्हणाली, "तुमच्या आत्याचं नाव मला विचारता? लग्न ठरताना मला तुमच्या सात पिढ्या विचारून घ्यायला हव्या होत्या." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "मामंजींना मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, ताई होती ती. आणि उठून गेले."

आजीनं त्या दिवसानंतर घरात ते नाव घेऊ दिलं नाही, एवढं मला माहीत आहे. बाबांनी मरेपर्यंत ते पाळलं. तुझंही तेच. हुकूम काढणारं माणूस जाऊन चाळीस वर्षं झाली, तरी हुकूम अजून चालू आहे. पालिकेचासुद्धा एवढा टिकत नाही.

मंगळवारी मी गावी गेलो, तुमच्या शाळेत. (तासभर बस, आणि वाकत नसलेला गुडघा मधल्या वाटेत पसरून बसल्यामुळे प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्याची आणि उतरणाऱ्याची बोलणी. एका बाईनं 'तंगडी तिकीट काढून बसवली का' असं विचारलं. तिचंही बरोबर होतं.) मुख्याध्यापिकाबाईंनी फार आपुलकीनं जुन्या नोंदवह्यांचं कपाट उघडलं. ताईच्या वर्षाची वही होती. आमचं आडनाव होतं, आजोबांचं नाव होतं, दाखल झाल्याची तारीख होती. मुलीच्या नावाच्या जागी मात्र वाळवीनं जेवण केलेलं होतं आणि शेवटचं एकच अक्षर ताटात ठेवलं होतं. 'ती'. आत्या, सगळं खाऊन वाळवीनं फक्त 'ती' ठेवली. बाई बिचाऱ्या मदत म्हणून म्हणाल्या, "मालती असेल. किंवा रेवती. दमयंती. शेवंती." मग शिपाई, मग तिसरीच्या वर्गावरच्या शिक्षिका, अशी सगळी शाळा 'ती'नं संपणारी नावं सुचवायला लागली. मी बाविसाव्या नावापाशी आभार मानून उठलो. बसमध्ये मी ती सगळी नावं एकेक करून मनात तिला लावून पाहिली. एकही ताईला बसेना. सगळ्या दुसऱ्याच मुली वाटत होत्या.

तू म्हणशील, मग मला फोन का केला नाहीस? केला होता. बुधवारी सकाळी. यंत्र डबीत होतं.

गुरुवारी पावणेपाचला मी अर्ज घेऊन गेलो. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं 'ताई'. जावकानं ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "हे नाव नाही. हे नातं आहे."

मी म्हटलं, "'इतर' हे तरी कुठं नाव आहे? ते इतकी वर्षं चाललं."

त्यानं मला आत अध्यक्षांकडे पाठवलं. अध्यक्षांनी पहिला रकाना सोडून थेट सहाव्यावर बोट ठेवलं. सहावा रकाना 'लढ्यातील सहभाग'. तिथं मी जे खरं ते लिहिलं होतं. 'बाजाराच्या दिवशी गावाहून, घरातल्या एकाची तुटलेली चप्पल दुरुस्त करून आणायला चौकात गेली होती. गोळी लागली.' अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे मोर्चात नव्हत्या?" मी म्हटलं, नव्हती. "घोषणा वगैरे?" म्हटलं, चपला शिवणाऱ्यापुढे उभी राहून घोषणा कोण देतं? त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. मला वाटतं त्या क्षणी ते मनापासून माझं भलं करायला निघाले होते. "हे बघा, इथं 'मोर्चात सहभागी' असे दोन शब्द लिहा. चपलेचं काढा. नावाचं काय ते मी बघतो. कोण तपासायला येणार आहे?"

आत्या, तुझ्याशी खोटं बोलत नाही, मी क्षणभर पेन हातात घेतलं. दोनच शब्दांचा प्रश्न होता आणि दोनच शब्दांत ताई नावानिशी दगडावर गेली असती. पण मग ती चप्पल घेऊन चौकात उभी असलेली मुलगी गेली कुठं? तिला पुन्हा एकदा मारायची आणि तिच्या जागी हातात झेंडा घेतलेली दुसरीच कुणी उभी करायची, हे मला जमेना. मी पेन परत ठेवलं आणि म्हटलं, "साहेब, ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांनी मोर्चातली कोण आणि चपलेसाठी आलेली कोण असा भेद केला नव्हता. तो आपण का करायचा?" ते म्हणाले, "चप्पल शिवायला गेलेली बाई हुतात्मा होत नाही. उद्या ओळ घासा." घड्याळात पाच वाजून दोन मिनिटं झाली होती. जावकानं अर्जावर 'मुदतबाह्य' असा शिक्का मारला, पण इतका हलका, की वाचायला तो उजेडाकडे धरावा लागतो.

शुक्रवारी सकाळी मी छिन्नी, हातोडी आणि घासायचे दगड घेऊन चौकात गेलो. पाहुण्यांच्या हस्ते अनावरण करायचं म्हणून दगडावर वरपासून खालपर्यंत पांढरं कापड सोडलेलं होतं आणि मला कापडाच्या आत बसून काम करायचं होतं. (अनावरण कशाचं, हे मी विचारलं नाही. इतकी वर्षं उघड्यावर असलेला दगड आधी झाकायचा आणि मग उघडायचा, यात काही शास्त्र असेल.) जावक बाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला. आत छान उजेड होता, दुधातून गाळल्यासारखा. मी नेहमीप्रमाणे टेकलो, हात जोडले आणि ओळीकडे पाहिलं. 'व इतर' मधोमध कोरलेलं आहे, म्हणून डाव्या बाजूला वीतभर कोरी जागा आहे. एकवीस वर्षं मी ती जागा पाहत होतो आणि जुना कारागीर ओळ मधोमध घेणारा टापटिपीचा माणूस, एवढंच मला वाटायचं. त्या दिवशी वाटलं, त्यानं जागा ठेवलेली आहे.

दोन अक्षरं कोरायला मला सकाळची दुपार झाली. त्याच्या वळणाशी वळण जुळायला हवं होतं. 'ता' चा काना सरळ आला. 'ई' ची शेंडी दोनदा खडूनं काढून पाहिली. बाहेरून जावक मधूनमधून विचारायचा, "निघतंय का?" मी आतून म्हणायचो, "निघतंय." हे खोटं नव्हतं. दुपारी त्यानं कापडाखालून चहाचा कप आत सरकवला आणि म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको रे. शेवटी दोनच तर शब्द." मी चहा प्यायलो, कप बाहेर सरकवला आणि 'ई' पुरी केली. मग सगळ्या सतराव्या ओळीत पांढरा रंग भरला. आता ती ओळ अशी झाली: 'ताई व इतर'. 'नूतनीकरण' राहून गेलं. जागाच उरली नाही.

शनिवारी चौक भरला होता. आमच्याकडच्या कार्यक्रमात आधी अनावरण, मग दोन मिनिटं शांतता, मग नावं वाचतात आणि एकेका नावाला जमलेले लोक 'हजर' म्हणतात. शेवटी वाचणारा 'व इतर' एवढं घाईनं उरकतो आणि कागदाची घडी घालतो. त्याला कुणी काही म्हणत नाही. एकवीस वर्षं मी गर्दीच्या मागे डबा घेऊन उभा असतो आणि दरवर्षी 'हजर' हा शब्द माझ्या ओठांवर येतो आणि परत जातो. यंदा वाचायच्या कागदावर तेवढेही दोन शब्द नव्हते. पाहुण्यांनी दोरी ओढली, कापड पडलं, आणि नेमका त्याच क्षणी पाण्याच्या टाकीवरचा भोंगा वाजला. शांतता सुरू झाली. अध्यक्ष दगडाकडे तोंड करून, हात मागं बांधून उभे राहिले आणि त्यांची नजर वरून एकेक ओळ उतरत खाली आली. त्यांचे कान मला मागून दिसत होते. सतराव्या ओळीला ते लाल झाले.

दोन मिनिटांनी दुसरा भोंगा झाला की शांतता संपते. तो झाला नाही. (पुढं कळलं की भोंगेवाला स्वतःही टाकीवर श्रद्धेनं मान खाली घालून उभा होता, आणि आपण श्रद्धेनं उभं असताना दुसरा भोंगा कुणीतरी देईलच अशी त्याची समजूत होती.) तीन मिनिटं झाली, पाच झाली. हुतात्म्यांचा मान पहिल्यांदा आपल्याकडून मोडला, असं कुणालाच होऊ द्यायचं नव्हतं. पाहुण्यांच्या गालावर माशी बसली होती, ती त्यांनी बसू दिली. अध्यक्ष मानेच्या शिरा ताणून उभे, बोलायचं खूप, पण तोंड उघडायची सोय नाही. आणि सगळ्या चौकाला पाहायला समोर दुसरं काहीच नव्हतं, त्यामुळे चारशे माणसं तो दगड वाचत होती. सोळा नावं तोंडपाठ. मग सतरावी ओळ. मग पुन्हा सतरावी ओळ. मी आयुष्यात बरीच अक्षरं कोरली, पण इतक्या सावकाश वाचलेलं एकही आठवत नाही.

अकराव्या मिनिटाला पुढच्या रांगेतून आवाज आला. चौकाच्या कोपऱ्यावर भाजी विकणारी म्हातारी आहे, तिनं म्हातारपणी नातीबरोबर वाचायला शिकून घेतलं. ती ओठ हलवल्याशिवाय वाचू शकत नाही. "ता... ई... व... इ... त... र." वाचून झाल्यावर ती शेजारणीला सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "माझीपण ताई होती गं. पाणी भरायला आली होती." मग तिनं मान वर केली. "हजर."

त्यापाठोपाठ सायकल दुरुस्तीवाल्यानं 'हजर' म्हटलं. (त्याच्या बापाची बहीण. वीस वर्षं शेजारी दुकान लावूनही हे मला माहीत नव्हतं.) मग डावीकडून एक, मागून दोन. मी मोजणार होतो, पण माझा स्वतःचा 'हजर' मध्येच आला आणि मोजणी चुकली. आत्या, मी ताईचं नाव शोधत होतो आणि ते न सापडल्याची मला लाज वाटत होती. नाव सापडलं असतं, तर ती फक्त आपली झाली असती.

त्यानंतर समारंभ झाला की नाही ते मला नीट आठवत नाही. पाहुण्यांनी जाताना अध्यक्षांचा हात हातात घेऊन 'ताई लिहिण्याची कल्पना फार हृद्य' असं म्हटल्याचं जावक सांगतो. अध्यक्षांनी 'आभारी आहे' म्हटल्याचंही सांगतो. तेव्हा निदान त्या दिवशी तरी त्यांनी मला काही म्हटलं नाही.

इकडे बाकी सर्व खुशाल. लिहिण्यासारखं विशेष काही नाही. थोरल्या सुनेला आशीर्वाद सांग, ऐकू येत असेल तर उत्तरही ऐक.

तुझा,
भाचा

ता. क. गुडघा आता जिना चढतो, उतरत मात्र नाही. त्यामुळे वर गेलो की वरच जेवतो.

ता. क. पाहुणे गेल्यावर चौथ्या दिवशी अध्यक्षांची नोटीस आली. सतराव्या ओळीतला अनधिकृत शब्द मी स्वतः आठ दिवसांत काढून टाकावा, किंवा ताई ही व्यक्ती होती याबद्दल तिच्या हयात सख्ख्या नातेवाइकाचा सहीनिशी जबाब आणावा. असा नातेवाईक सगळ्या जगात एकच उरला आहे आणि त्याचं यंत्र डबीत आहे. जबाबाचा कागद सोबत जोडला आहे. खरं सांगायचं तर हे एवढं लांबलचक पत्र त्या कागदाला पाकीट म्हणून लिहिलं. कागदावर तिला तू काय हाक मारायचीस एवढंच लिही, दोन अक्षरं, आणि खाली सही कर. तिचं खरं नाव तिथं लिहू नकोस. ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहून मला पाठव. देवाला नावाची गरज नसेल, मला सकाळी लागतं.

ता. क. अर्जात चप्पल कुणाची ते मी लिहिलेलं नाही, 'घरातल्या एकाची' एवढंच आहे. पण मला माहीत आहे. बाबांनी शेवटच्या आजारात सांगितलं, आणि गोळीबाराच्या दिवसापासून तू एकही तुटलेली चप्पल दुरुस्तीला दिली नाहीस, टाकूनच देतेस, हेही सांगितलं. तू नऊ वर्षांची होतीस. चपलेचा अंगठा तुटतो, तो काही कुणी तोडत नाही. ज्यानं गोळी झाडली त्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही, आणि त्याचं ओझं नऊ वर्षांच्या मुलीनं पंचाहत्तर वर्षं वागवायचं, हे मला मान्य नाही. समितीला मी एकदा नाही म्हटलं आहे, तुलाही म्हणतो. पुढच्या स्मरणदिनाला तू इथं यायचं आहेस. मी न्यायला येतो. यंत्र कानात घालून ये, ऐकण्यासारखं असतं.

ता. क. पाकीट चिकटवणार होतो, तेवढ्यात एक राहिलं. ओळ काढायला मी येतो आहे असं कळवल्यावर जावकानं मला आज सकाळी चौकात छिन्नी चालवायचा लेखी परवाना दिला. सही त्याचीच, शिक्का ठळक. तो खिशात ठेवून गेलो, टेकलो, हात जोडले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हटकलं त्यांना परवाना दाखवला. दुपारपर्यंत काम केलं. 'ताई' आता बोटाच्या पेरभर आणखी खोल गेली आहे.